घोडेगावहून आणलेला गेम

"तायडे, घोडेगावला येतेस का? एक गेम बघायचाय," प्रबुद्ध म्हणाला.

प्रतीक्षा लसूण सोलत बसली होती. आईने लसणाची पाटी समोर ठेवली की ती सोलायला लागायची, आईने पाटी उचलली की थांबायची.

"कसला गेम?"

"टीव्हीला जोडून खेळायचा. कन्सोल. जुना आहे, पण पोराने जपून वापरलाय म्हणे. दोन वायरलेस कंट्रोलर आहेत. दोन्ही चालतात का ते बघायला दोन माणसं लागतात."

त्याला दोन माणसं लागत नाहीत, हे तिला कळत होतं. पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. हो म्हटलं तर नुसतं गाडीवर बसायचं. ती उठून हात धुऊन आली.

प्रतीक्षा पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डात. दिवाळीच्या आधी, आठवा महिना सरत आला असताना, एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यात बायकांना जे सांगतात तेच तिने आधी स्वतः केलं: गार पाणी प्यायली, डाव्या कुशीवर पडून वाट बघितली. मग सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम स्क्रीनकडे बघतच राहिल्या, बोलल्या नाहीत, तेव्हाच तिला समजलं. पुढचं सगळं रीतसर झालं. कळा आणवून बाळंतपण केलं. दूध आलं, ते थांबायच्या गोळ्या घेतल्या. टाके भरून आले. नवरा सुगत चिंचवडच्या एका कंपनीत होता. त्याची रजा संपली, आणि पप्पा तिला जुन्नरला घेऊन आले.

तेव्हापासून ती माहेरी होती, आणि एकदाही रडली नव्हती. शेजारच्या बायका येऊन "रडून घे गं, मोकळी हो" असं सांगून गेल्या. तिने प्रयत्नही केला होता, बाथरूमचा नळ मोठा सोडून. काही आलं नाही. जेवण जायचं, झोप लागायची. दाताला भूल दिल्यावर गालाला हात लावला की हात कळतो पण गाल कळत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. तिची आई आक्काबाई स्वयंपाकघरातून तिच्याकडे बघत राहायची आणि तिने वर पाहिलं की भांडी आवरायला लागायची. पप्पा, म्हणजे पोपटराव, तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे. आज गार आहे. आज कालच्यापेक्षा कमी आहे.

धाकटा भाऊ प्रबुद्ध मात्र रोज काहीतरी काढायचा. तो सोलर पंप बसवणाऱ्या एका कंपनीत होता, दिवसभर शेतांतून फिरायचा आणि संध्याकाळी येताना कधी पेरू, कधी कोणाच्या मळ्यातली द्राक्षं घेऊन यायचा. ती खायची. आज त्याने गेम काढला होता. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं पिंपरीला आत्याकडे जायची, तिथे आतेभावाकडे असा गेम होता. तो खेळून दमला की यांच्या वाट्याला यायचा. गाड्यांच्या शर्यतीत प्रतीक्षा प्रबुद्धला कायम हरवायची. गाडीवर बसताना तिला हे आठवलं. आठवलं आणि निघून गेलं.

माघ लागला होता, ऊन चढलं तरी गारठा होता. मधल्या रस्त्याला उसाचे दोन ट्रॅक्टर आडवे आले, प्रबुद्ध त्यांच्या मागे बराच वेळ हळू चालवत राहिला. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी रानं होती. प्रबुद्ध मान वळवून काहीबाही बोलत होता, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. ती "हं" म्हणत होती.

घोडेगावच्या बाजाराच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याच्या पडवीचं घर होतं. दारात सूरज उभाच होता. प्रबुद्धच्याच वयाचा, पायात स्लीपर, अंगात कंपनीचं जॅकेट.

"या राव. सापडलं ना घर?"

बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर सतरंजीवर त्याने सगळं मांडून ठेवलं होतं. काळा कन्सोल, पुसून लख्ख केलेला. गेमच्या डिस्क. एक कंट्रोलर. "दुसरा हाय, घरातच हाय," तो म्हणाला. "मला चाकणला जॉब लागलाय. तिथं चौघं एका खोलीत. कुठं ठेवणार हे? हितं नुसतं धूळ खाईल."

त्याची आई साळुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. नाकात मोरणी, डोक्यावर पदर. "कुठलं म्हणायचं पावणं?"

"जुन्नरचे," प्रबुद्ध म्हणाला. "ही माझी बहीण."

साळुबाईंनी प्रतीक्षाकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, गळ्यातलं बघितलं. "च्या ठिवते," म्हणाल्या.

सूरजने कन्सोल चालू केला. कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं. वरचे चार बारके लाल दिवे एकदम लुकलुकायला लागले.

"चारातला एक कायम राहिला पाहिजे," प्रबुद्ध म्हणाला.

दिवे लुकलुकत राहिले आणि विझले. सूरजने परत दाबलं. परत तेच.

"बॅटरी उतरली असंल. आणि एकदा वायर लावून कन्सोलची ओळख करून द्यावी लागती त्याला. मग बिनवायरीचं चालतंय." त्याने डिस्कच्या मागे, टीव्हीच्या मागे हात घालून पाहिलं. "वायर व्हती. जाड पिनेची, जुनी. आताची मोबाईलची न्हाई चालत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. रडणं म्हणावं तर ते रडणं नव्हतं. मांजराचं पिल्लू दाराआडून करतं तसा बारीक आवाज, आणि लगेच बंद.

प्रबुद्धचा हात कंट्रोलरवर तसाच राहिला. "घरात बाळ आहे?"

"बहिणीचं," सूरज हसून म्हणाला. "बाळंतपणाला आलीय. मुलगी झाली. अजून आठवडा बी न्हाई झाला."

प्रबुद्धने प्रतीक्षाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. "तायडे, निघायचं का? नंतर येऊ."

"कशाला?" प्रतीक्षा म्हणाली. "आलोय तर बघ ना."

ती खरंच म्हणत होती. तिला काही होत नव्हतं. आत बाळ होतं, बाहेर सतरंजी होती.

शेवटी सूरज म्हणाला, "बाजारात दोन-तीन मोबाईलवाले हायेत, बघू वायर मिळती का. बस मागं." प्रबुद्धचा पाय निघत नव्हता, पण प्रतीक्षाने हाताने जा अशी खूण केली. दोघं सूरजच्या गाडीवर गेले.

चहा झाला. साळुबाई समोर उंबऱ्याला टेकून बसल्या. आतून हळूहळू चालत त्यांची लेक आली, स्नेहल. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, पायात मोजे, डोळ्यांखाली काळं. छातीशी दुपट्यात बाळ.

"वायर आणायला गेले का? हे बघा, दुसरा कंट्रोलर माझ्याच कपाटात असंल. लग्नाआधी आमी दोघं खेळायचो. सूरजपेक्षा मीच भारी व्हते," ती म्हणाली. तिला कोणाशी तरी बोलायचं होतं, हे दिसत होतं. "जरा धरता का हिला? वाकायचंय."

आणि प्रतीक्षा काही म्हणायच्या आत तिने बाळ तिच्या हातात दिलं आणि ती आतल्या खोलीत कपाटाकडे गेली.

बाळ हलकं होतं. प्रतीक्षाचा एक हात आपोआप मानेखाली गेला, दुसरा पाठीखाली. वॉर्डात ती दिवसाला कितीतरी मुलं अशी उचलायची. तिने स्वतःकडे लक्ष देऊन पाहिलं, आता काही होईल. काही झालं नाही. दुपट्याला ओव्याचा आणि धुरीचा वास होता. बाळाचे डोळे मिटलेले होते, तोंड थोडं उघडं.

"लई गुणाची हाय," साळुबाई म्हणाल्या. "रडतच न्हाई. रातभर झोपती, दिवसभर झोपती. हिच्या आयशीनं मला असं कधी झोपू दिलं न्हाई."

"दूध पिते?"

"घेती थोडं. दोन घोट ओढती की लगीच झोप."

प्रतीक्षाने बोटाने बाळाचा गाल चाळवला. तोंड वळलं नाही. हाताच्या तळव्यात बोट दिलं. मूठ वळली, पण सैल.

"तुला किती लेकरं?" साळुबाईंनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे प्रतीक्षाला ठाऊक होतं. आजवर आई किंवा प्रबुद्ध मध्ये पडून दुसरं काहीतरी बोलायचे. आज कोणी नव्हतं.

"एक झालं होतं. गेलं."

"आगं बाई. केवढं व्हतं?"

"पोटातच गेलं. दिवाळीच्या आधी."

साळुबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि पुढे येऊन बाळ घ्यायला हात पसरले. "आण. तुझं हात अवघडलं असतील."

हात अवघडले नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं. प्रतीक्षाने बाळ दिलं नाही. "मावशी, एक मिनिट," म्हणून ती उठली आणि दारात उजेडाला गेली. आतली खोली बंद, खिडकीला गोधडी लावलेली. तिथे कोणाला काय दिसणार? दारातल्या उन्हात तिने दुपटं सैल केलं. कपाळावर बोट दाबून उचललं. बोटाखालची कातडी पिवळी. छातीवर दाबलं, पोटावर दाबलं. मग पायातला मोजा काढून तळपाय पाहिला. तळपायही हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा.

"आगं, गार लागंल तिला! काय करतीस?"

"मावशी, हिला कावीळ आहे. पायापर्यंत उतरलीय. दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"पोरं असत्यातच पिवळी. ह्यो सूरजबी व्हता. कवळं ऊन दाखवलं की जातंय."

"बऱ्याच मुलांचं जातं. पण ही दूध ओढत नाही, आणि उठतही नाही. मी नर्स आहे. लहान मुलांच्याच वॉर्डात काम करते."

साळुबाईंनी बाळ तिच्या हातातून घेतलं, जवळजवळ ओढूनच. दुपटं गुंडाळलं. आवाज चढवला नाही. हळू, ठासून बोलल्या, "तुझं तसं झालं, वाईट झालं. पण म्हणून दुसऱ्याच्या लेकरावर असं बोलू न्हाई, बाई. पुढल्या आठवड्यात हिच्या सासरची बारशाला यायची हायेत."

प्रतीक्षाला वाईट वाटायला हवं होतं. वाक्य ऐकू आलं, अर्थ कळला, आणि ते तिथेच बाजूला पडून राहिलं. त्याचा एक उपयोग झाला. तिचा आवाज हलला नाही.

"तुम्ही मला काहीही म्हणा. मी आता जाईन, परत येणार नाही. पण हिला आज न्या. संध्याकाळची वाट बघू नका."

स्नेहल आतल्या खोलीच्या दारात उभी होती, हातात दुसरा कंट्रोलर. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. तिने कंट्रोलर तिथेच ठेवला, आईकडून बाळ घेतलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. "मी पाजते तिला. पिईल ती," म्हणाली. पदराआड तिने बाळाला छातीशी लावलं. बाळाचं तोंड लागलं, एकदा हललं, सुटलं.

"तळपायाला टिचकी मारा," प्रतीक्षा म्हणाली. "जरा जोरात."

स्नेहलने हळूच मारली. मग जोरात मारली. बाळाने तोंड वाकडं केलं, तो मांजरासारखा आवाज केला आणि परत झोपलं. स्नेहलने आणखी एकदा मारली. तिसऱ्या वेळी आवाजही आला नाही.

"आई," स्नेहल म्हणाली, "सूरजला फोन लाव."

"आगं पण..."

"लाव म्हणते ना."

फोन लावायची वेळ आली नाही. गाडी दारात थांबली आणि प्रबुद्ध वायर उंच धरून आत आला. "मिळाली राव! एका फोटो स्टुडिओत, जुन्या कॅमेऱ्याची. त्याला सुद्धा माहीत नव्हतं त्याच्याकडे आहे ते." मग त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले.

पुढचं पटपट झालं. सूरजने शेजारच्या गोरखची गाडी बोलावली. गोरख भाड्याने गाडी चालवायचा, रविवार म्हणून घरीच होता. स्नेहल मागे बसली आणि म्हणाली, "ताई, तुमी चला." साळुबाई आधीच बसल्या होत्या. त्यांनी प्रतीक्षाकडे पाहिलं नाही, पण सरकून जागा केली. गाडीत प्रतीक्षाने बाळाला स्नेहलच्या उघड्या छातीशी ठेवून वरून शाल घ्यायला लावली. वाटीत दूध काढून चमच्याने थेंब थेंब पाजायला लावलं. घोडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळ बघितलं आणि थांबू न देता मंचरला पाठवलं. प्रबुद्ध आणि सूरज मोटारसायकलवर मागे होते.

मंचरच्या दवाखान्यात बाळाला आत घेतलं. रक्त काढलं. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांच्या पेटीत ठेवलं. काचेतून बाळाचं पोट वरखाली होताना दिसत होतं. तिथल्या सिस्टरला प्रतीक्षाने सगळं नीट सांगितलं: किती दिवसांची, दूध कसं, लघवीचा रंग कसा. सिस्टरने विचारलं, "तुम्ही पण आमच्यातल्याच का?" प्रतीक्षा हो म्हणाली. डॉक्टर बाहेर येऊन सूरजला म्हणाले की प्रमाण बरंच वाढलंय, पण आज आणलंत, दिव्याखाली उतरेल. रक्त बदलायची वेळ येऊ नये असं बघू.

सूरजने प्रतीक्षाला हात जोडले. ती "असू दे" म्हणाली. तिला बरं वाटायला हवं होतं. बाकड्याचं लोखंड गार लागत होतं, एवढंच.

स्नेहल आत होती. पोरं चहा आणायला गेली होती. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला साळुबाई बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. बराच वेळ दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती.

"पोरगा व्हता का पोरगी?" साळुबाईंनी विचारलं. समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

प्रतीक्षाला आधी कळलं नाही, कोणाबद्दल विचारतायत.

"मुलगा."

"हां."

थोड्या वेळाने साळुबाई म्हणाल्या, "केस व्हतं का?"

"होते. भरपूर." प्रतीक्षाला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "काळे. ओले होते. कानापर्यंत आले होते."

"कुणावर गेला व्हता?"

"माहीत नाही. नाक आमच्या पप्पांसारखं होतं. आखूड."

साळुबाईंनी मान हलवली. दिवाळीपासून इतक्या लोकांनी इतकं काय काय सांगितलं होतं. देवाची इच्छा, वय आहे अजून, पुढच्या वेळी नीट होईल. तो मुलगा होता की मुलगी, हे माहीत असणाऱ्यांनी काढलं नाही आणि माहीत नसणाऱ्यांनी विचारलं नाही. जसं काही आजार झाला होता आणि बरा झाला. प्रतीक्षा आणखी काही सांगायला गेली, पण तिच्याकडे तेवढंच होतं. तिने त्याला थोडाच वेळ पाहिलं होतं.

साळुबाईंनी तिची माफी मागितली नाही. चहा आला तेव्हा आपल्या कपातला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "गोड लई केलाय," आणि उठताना प्रतीक्षाच्या खांद्याचा आधार घेतला.

परतीच्या वाटेवर प्रबुद्धने एका वळणावर गाडी हळू केली. मग म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं, त्यांच्या घरात बाळ आहे ते."

"माहीत असतं तर मला नेलं नसतंस."

"नसतंच."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

गेम तर तिथेच राहिला होता. त्यानंतर आठवडाभराने सूरज स्वतः जुन्नरला आला, पाठीवरच्या सॅकमध्ये कन्सोल, दोन्ही कंट्रोलर, डिस्क आणि ती जाड पिनेची वायर घेऊन. बाळ घरी आलं होतं. "आता सारखी रडती," तो सांगत होता. "रातभर झोपू देत न्हाई. आई म्हणती, आता खरी आमच्या घरातली वाटती." आक्काबाईंनी त्याला जेवूनच जा म्हटलं. तो जेवला. त्याने प्रबुद्धला कंट्रोलर वायरीने कन्सोलला जोडून, बटण दाबून, ओळख कशी करून द्यायची ते दाखवलं. वायर काढली. चारातला पहिला दिवा स्थिर राहिला. दुसऱ्या कंट्रोलरचा दुसरा दिवा.

सूरज गेल्यावर प्रबुद्धने गाड्यांची शर्यत लावली आणि एक कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला. तिने उचलला. पप्पा वर्तमानपत्र बाजूला करून बघायला लागले. पहिल्या शर्यतीत तिची गाडी वळणावर कठड्याला लागली आणि उलटीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या शर्यतीत ती शेवटची आली. अंगठे ऐकत नव्हते. प्रबुद्ध परत परत सुरू करत राहिला. असं तीन-चार दुपारी चाललं. तो आता मुद्दाम दुपारी कामावरून जेवायला घरी यायचा आणि अर्धा तास दोघं खेळायची. तिला मजा येत नव्हती आणि कंटाळाही येत नव्हता. लसणासारखंच होतं ते. पाटी समोर आली की सोलायचं.

मग एका दुपारी तिची गाडी पहिल्यांदाच पुढे होती. शेवटचा फेरा होता. प्रबुद्धने मागून येऊन तिच्या गाडीला मुद्दाम आडवी धडक दिली. तिची गाडी रस्त्याखाली गेली आणि तो हसत पुढे निघून गेला.

"असं नाही चालत हां!" प्रतीक्षा ओरडली. "चीटिंग आहे ही. सरळ चालव ना. पहिल्यापासून तू असाच आहेस, हरायला आलास की ढकलतोस."

तिने त्याच्या पाठीत एक चापट मारली. नुसती लावली नव्हती, चांगली लागली. तिच्या कानशिलात रक्त चढलं होतं. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. आक्काबाई ओल्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या. पप्पांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं.

"बरं, परत लावतो," प्रबुद्ध पाठ चोळत म्हणाला.

"लाव. आणि ढकललंस तर बघ."

परतच्या शर्यतीत ती जिंकली नाही. पण चिडलेलीच राहिली, संध्याकाळपर्यंत. आईवर विनाकारण खेकसली, भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाली. भाजीत मीठ ठीक होतं. आक्काबाईंनी "हो, झालंय खरं जास्त," म्हणून मान्य केलं.

सुगत त्या रविवारी आला. आला की तो तिच्या समोर बसून काय बोलावं ते शोधत राहायचा. त्याचे डोळे सुजलेले असायचे, म्हणजे येताना एसटीत त्याचं रडून झालेलं असायचं, हे तिला ठाऊक होतं. प्रबुद्धने त्यालाही खेळायला बसवलं. त्याने एक शर्यत कशीबशी पुरी केली. दुपारी जेवून पप्पा आडवे झाले, आईही. प्रतीक्षा त्याला घेऊन गच्चीवर गेली. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या बाजूने दोघं कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. समोर शिवनेरीचा कडा उन्हात करडा दिसत होता.

"त्याला कुठे ठेवलंत?" तिने विचारलं.

सुगत तिच्याकडे बघत राहिला. ती तेव्हा दवाखान्यातच होती. सुगत आणि पप्पा, दोघंच बाळाला घेऊन गेले होते. परत आल्यावर दोघांनी अंघोळ केली आणि कोणी काही बोललं नाही. तिनेही विचारलं नव्हतं.

"नदीच्या पलीकडे," तो म्हणाला. "तिथे लहान मुलांची जागा आहे वेगळी. कडेला करंजाचं झाड आहे. पप्पांनी खड्डा घेतला. मला घेता येईना."

"कशात ठेवलंत?"

"तू आणलेल्या पांढऱ्या दुपट्यात. तुला न विचारता कपाटातून काढलं मी." त्याचा आवाज फाटला. "पंचशील म्हटलं. मला मध्येच पुढचं आठवेना, मग पप्पांनी म्हटलं."

तो कठड्याला धरून रडायला लागला, मोठ्याने, शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वळून बघितलं इतक्या मोठ्याने. प्रतीक्षाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला रडू आलं नाही. पण त्याची पाठ गरम होती, शर्ट घामाने ओला झाला होता, आणि ते तिच्या हाताला कळत होतं.

"मला घेऊन चल तिकडे," ती म्हणाली.

"आज?"

"आज नको. बुधवारी ये, सुट्टी काढून. आपण दोघंच जाऊ. मग मी तिकडेच राहीन, घरी. कामावर कधी जायचं ते बघू नंतर."

तो नाक पुसत हो म्हणाला. खाली आक्काबाई उठल्या असाव्यात. चहाच्या भांड्याचा आवाज आला आणि त्यांनी जिन्यातून हाक मारली, मिरच्या हलवल्या का म्हणून. प्रतीक्षा खाली बसली आणि दोन्ही हातांनी मिरच्या पालथ्या करायला लागली. सुगतही तिच्या बाजूला बसला.